५ नॅनोमीटरच्या मेम्ब्रेनमधून ५० नॅनोमीटरचा कण आत जातो कसा?

निशिगंधा_दादर
नमस्कार मंडळी. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते. सध्या अकरावीला पेशीचा धडा चालू आहे, प्लाझ्मा मेम्ब्रेन, फ्लुइड मोझेक मॉडेल, सिंगर आणि निकोल्सन १९७२, सगळं नेहमीचं. ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड सरळ पार होतात, सोडियमला चॅनल लागतं, ग्लुकोजला वाहक प्रोटीन लागतं, असं सांगत होते तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. मॅडम, सोडियमचा एवढासा आयन जर अडतो तर सोन्याचा ५० नॅनोमीटरचा कण पेशीत कसा जातो, रीलमधे तर सरळ घुसताना दाखवतात, आणि मेम्ब्रेनचीच जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर ना?

एंडोसायटोसिस हा शब्द फेकून मोकळी होऊ शकले असते, पण प्रश्न चांगला आहे त्यामुळे नीट उत्तर द्यायचंय. भोक पडतं का? पडलं तर बुजतं का? सोनं, चांदी, सिलिका, ते लसीतले कण, सगळे सारखेच वागतात का? इथे पवईवाले (आयआयटी) परळवाले (हॉस्पिटलं) बरेच आहेत, जरा लिहा. फेकाफेकी नको, पोरं लगेच मोबाईलवर तपासून बघतात.

कुर्ल्याचा_बाळू
नॅनो म्हटलं की मला अजून ती लाखाची गाडीच आठवते. बसतो कोपऱ्यात, शिकतो. 🍿

मुलुंडची_माऊ
वाखूसा (वाचनखूण साठवली). त्या मुलीला माझ्यातर्फे एक डेअरी मिल्क द्या मॅडम.

पडद्यामागे
अखेर माझ्या विषयाचा धागा! पवईत पीएचडी करतोय, विषय लिपिड (म्हणजे मेम्ब्रेन ज्यांची बनते ते तेलकट रेणू) मेम्ब्रेन आणि कण हाच, त्यामुळे लांबण लागणार, आधीच सांगतो.

पहिली गोष्ट, ५० नॅनोमीटरचा कण बहुतेक वेळा मेम्ब्रेनच्या 'मधून' जातच नाही. तो बाहेरून येऊन चिकटतो, मेम्ब्रेन त्याच्याभोवती वाकते, खड्डा होतो, खड्ड्याचं तोंड मिटतं आणि पिशवी तुटून आत पडते, यालाच एंडोसायटोसिस म्हणतात. क्लॅथ्रिन नावाचं प्रोटीन आतल्या बाजूने या खड्ड्याला जाळीचं अस्तर लावतं, अशा पिशव्या साधारण १०० नॅनोमीटरच्या असतात. म्हणजे कण पेशीच्या हद्दीत आला, पण पिशवीत आहे, आणि पिशवीची भिंत म्हणजे तीच मेम्ब्रेन. त्याने मेम्ब्रेन अजून ओलांडलेलीच नाही!! रीलमधे हे कधीच दाखवत नाहीत.

दुसरं, आकार. पडदा वाकवायला ऊर्जा लागते. गंमत अशी की गोल कणाभोवती पूर्ण गुंडाळण्याचा वाकवण्याचा एकूण खर्च कण लहान असो की मोठा जवळपास तेवढाच येतो, उष्णतेच्या हेलकाव्यांच्या हिशोबात काही शेकडा पट. वसुली होते ती चिकटण्यातून, आणि चिकटायला मिळणारी जागा कणाच्या पृष्ठभागावर ठरते. कण फारच लहान असेल तर चिकटून मिळणारी ऊर्जा वाकवण्याचा खर्च भागवू शकत नाही. फार मोठा असेल तर त्याला धरणारे रिसेप्टर (पेशीवरची पकडणारी प्रोटीन) आणि आजूबाजूची मेम्ब्रेन कमी पडते. उकडीच्या मोदकाचं बघा, चिमूटभर सारणाभोवती पारी नीट वळत नाही आणि सारण जास्त झालं की पारी पुरत नाही.

२००६ मधे टोरंटोच्या गटाने हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरपेशी) १४, ३०, ५०, ७४ आणि १०० नॅनोमीटरचे सोन्याचे कण देऊन मोजलं होतं. सगळ्यात जास्त आत गेले ५० वाले. म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीने नेमका सगळ्यात सोयीचा आकार निवडलाय.

कुर्ल्याचा_बाळू
मोदक बोललास ते काळजाला भिडलं भावा. पण आमच्याकडे पारी फुटते त्याचं काय?

मुलुंडची_माऊ
@बाळू, उकड नीट मळायची असते. जुन्या तांदळाची पिठी घेतली असशील. आंबेमोहोर घे, नवा.

कुर्ल्याचा_बाळू
वहिनी लिपिड म्हणजे तूपच ना, मग हात तुपाचा लावला तर चालेल की.

रंगारी_माटुंगा
मोदक राहू द्या बाजूला. चाळीस वर्षं रंग, पिगमेंट आणि सर्फॅक्टंटमधे (साबणासारखी रसायनं) घालवली आहेत (आमच्या वेळी माटुंग्याच्या आयसीटीला यूडीसीटी म्हणायचे), तेव्हा दोन गोष्टी बोलतो. वर पडद्यामागे यांनी सगळं पिशवीवर ढकललं ते मला अर्धवट वाटतं. भोकं पडतात. चांगली पडतात. पेशीच्या पडद्यावर एकूण ऋण भार असतो. त्यावर धन भाराचा कण आणून टाकलात तर तो नुसता चिकटून शांत बसत नाही. अमाइन टोकांचे पॅमॅम डेंड्रिमर घ्या, झाडासारख्या फांद्या फुटलेला पॉलिमरचा गोळा, सातव्या पिढीचा. २००४ च्या सुमारास मिशिगनमधे ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपखाली दिसलं की लिपिडच्या थरात १५ ते ४० नॅनोमीटरची भोकं पडतात. तोच गोळा, टोकाच्या अमाइनवर ॲसिटाइल गट चढवून भार मारला, की भोकं पाडायचं बंद. आकार तोच, फांद्या त्याच, फक्त भार गेला.

हे आम्हा रंगवाल्यांना नवीन नाही. सॅव्हलॉनमधलं सेट्रिमाइड काय करतं? धन भाराचं डोकं, तेलकट शेपूट, जंतूच्या पडद्यात घुसून त्याची वाट लावतं.

पडद्यामागे
@रंगारी काका, अमान्य नाहीच, मी ५० नॅनोमीटरच्या सोन्याबद्दल लिहिलं होतं. धन भारवाल्यांचं वेगळं आहे हे बरोबर, आणि एक भर घालतो. डेंड्रिमरची भोकं बघितली ती अभ्रकावर पसरलेल्या नुसत्या लिपिडच्या थरात. जिवंत पेशीला भोक पडलं तर कॅल्शियम आत येतं आणि पेशी त्यालाच इशारा समजून आतल्या पिशव्या आणून तिथे जोडते, ठिगळ बसतं. काही सेकंद ते मिनिटभरात. म्हणजे निशिगंधाताईंच्या 'बुजतं का' याचं उत्तर: थोडी असतील तर हो, बरीच पडली तर पेशी मरते.

आणि अगदी बारीक, २-३ नॅनोमीटरचे सोन्याचे कण, वर तेलकट आणि पाणीदार असे मिश्र रेणू लावलेले, ते मात्र खरोखर मेम्ब्रेनमधेच बसू शकतात आणि काही वेळा भोक न पाडता पार जातात. त्यावर २००८ मधे एक पेपर बराच गाजला होता. कणावर त्या रेणूंचे पट्टे असतात असा दावा होता, आणि पट्टे खरे की मायक्रोस्कोपचा खेळ यावर मग वर्षानुवर्षं जाहीर भांडण झालं.

रंगारी_माटुंगा
पट्टेवाला प्रकार मला पहिल्यापासून पटला नव्हता. असो.

निशिगंधा_दादर
वा! आत्तापर्यंतच मला दोन तासांचं मटेरियल मिळालं. @पडद्यामागे, 'पिशवीत आहे म्हणजे अजून बाहेरच आहे' हे मुलांना फार आवडेल. पण मग औषध म्हणून जे कण देतात ते पिशवीतच राहिले तर उपयोग काय?

परळकर_डॉक्टर
ताई, उपयोग कसा होतो ते दोन औषधांवरून सांगतो, आणि दुसऱ्याची आठवण चांगली नाही.

पहिलं, १९९५ मधे अमेरिकेत मान्यता मिळालेलं लायपोसोममधलं डॉक्सोरुबिसिन, नॅनो म्हणावं असं पहिलं मंजूर औषध हेच धरतात. ते साधारण १०० नॅनोमीटरच्या लिपिडच्या फुग्यात भरलेलं असतं. इथे फुग्याने प्रत्येक पेशीत घुसावं असा आग्रहच नाही. हृदयाच्या स्नायूंपासून औषध लांब राहावं आणि गाठीत जास्त वेळ रेंगाळावं, एवढंच त्याचं काम.

दुसरं म्हणजे लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन. मे २०२१. ज्यांच्या घरी म्युकरमायकोसिस झाला त्यांना हे नाव आयुष्यभर विसरता येणार नाही. मूळ ॲम्फोटेरिसिन खूप जुनं, पन्नासच्या दशकातलं. बुरशीच्या मेम्ब्रेनमधे एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या मेम्ब्रेनमधे कोलेस्टेरॉल. हे औषध एर्गोस्टेरॉलला जास्त घट्ट धरतं. आम्हाला शिकवलं होतं की भोकं पाडतं, आता म्हणतात की त्याहून जास्त ते एर्गोस्टेरॉल मेम्ब्रेनमधून ओढूनच काढतं. पण कोलेस्टेरॉललाही ते थोडंफार धरतंच, आणि मूत्रपिंडाच्या पेशी भरडल्या जातात. तेच औषध १०० नॅनोमीटरपेक्षा लहान लायपोसोममधे बसवलं की ते बुरशीपर्यंत पोचेपर्यंत बऱ्यापैकी जागेवर राहतं, त्यामुळे डोस कितीतरी वाढवता येतो.

आता हिशोब करा. किलोमागे ५ मिलिग्रॅम, ६० किलोचा माणूस, रोजचे ३०० मिलिग्रॅम. व्हायल ५० मिलिग्रॅमची. एका पेशंटला रोज सहा व्हायल, तेही आठवडेच्या आठवडे. आणि बाजारात एकही नाही. आमच्या वॉर्डात साधं ॲम्फोटेरिसिन उपलब्ध असायचं, ते द्यायचं, क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडल्याची खूण) चढताना बघायचं, थांबवायचं, परत सुरू करायचं. नातेवाईक चिठ्ठी घेऊन ठाणे, पनवेल, पार सुरतेपर्यंत जाऊन यायचे. एक मुलगा वडिलांसाठी दोन व्हायल घेऊन आला तोवर वडिलांचा डोळा काढायचं ठरलं होतं. लिपिडचा तो फुगा काय करतो हे तेव्हा वॉर्डबॉयलाही कळत होतं.

मुलुंडची_माऊ
डॉक्टर... काय लिहू. माझ्या मामेसासऱ्यांना झाला होता. साधंच मिळालं. वाचले, पण डायलिसिस मागे लागलं.

गोळीवाला_गोरेगाव
डॉक्टरांना +१. मी तेव्हा औषधांच्या वितरणात होतो, फोन बंद करून ठेवायची वेळ आली होती. एक तांत्रिक भर: लायपोसोम बनवणं सोपं वाटतं, अंड्यातलं लेसिथिन पाण्यात घोळलं तरी काहीतरी फुगे होतातच, साठच्या दशकात केंब्रिजजवळ बँगहॅमनी पाहिले ते तसेच. पण १०० नॅनोमीटरच्या आतले, एकसारख्या आकाराचे, निर्जंतुक, औषध धरून ठेवणारे आणि वर्षभर टिकणारे बनवायला वेगळी लाइन लागते. ती रातोरात उभी राहत नाही, म्हणून तो तुटवडा. साठेबाजी झाली नाही असं म्हणत नाही, तीही झाली.

खरंबोलू
सगळे शहाणे इथे जमलेत. लसीतले नॅनो कण शरीरभर फिरतात नि पेशी फोडतात हे कोण सांगणार? आम्हा सगळ्यांना कोव्हिशील्डमधून हेच टोचलं ना?

गोळीवाला_गोरेगाव
नाही टोचलं. कोव्हिशील्डमधे लिपिड नॅनोपार्टिकल नाहीच. तो चिंपांझीचा बदललेला ॲडिनोव्हायरस. कोव्हॅक्सिन म्हणजे मारलेला विषाणू. आपल्याकडे बहुतेकांना या दोनपैकीच एक मिळाली. लिपिड कणवाल्या फायझर आणि मॉडर्नाच्या.

पडद्यामागे
@खरंबोलू, तिरकस विचारलंत तरी त्या लसींचं सांगतो, कारण निशिगंधाताईंच्या 'पिशवीतच राहिले तर काय' याचं खरं उत्तर तिथेच आहे.

एमआरएनए पेशीद्रवात पोचल्याशिवाय काम करत नाही, म्हणजे पिशवी फोडणं भाग आहे. त्यासाठी जो मुख्य लिपिड वापरतात त्याची खुबी अशी की रक्ताच्या पीएचला, ७.४ ला, तो जवळपास भाररहित असतो. म्हणून रंगारी काकांच्या डेंड्रिमरसारखा वाटेत भेटेल त्या पेशीला भोसकत नाही. पिशवी आत गेली की पेशी तिच्यात आम्ल वाढवते, पीएच ६ च्या खाली जायला लागतो, आणि तिथे या लिपिडवर धन भार येतो. पिशवीच्या भिंतीतल्या ऋण लिपिडशी त्याची जोडी जमते, दोन थरांची सपाट रचना मोडते आणि माल पेशीद्रवात सांडतो. म्हणजे भोक पाडायचंच आहे, पण आतल्या पिशवीला, बाहेरच्या पडद्याला नाही.

आणि हे होतं किती? २०१३ मधे याच जातीच्या कणांवर, आत एसआयआरएनए (एमआरएनएसारखाच पेशीद्रवात काम करणारा छोटा आरएनए) भरून, मोजलं तर पिशवीतून सुटलेला माल होता १ ते २ टक्के! बाकीचा पिशवीत पडून राहतो, पचतो किंवा परत बाहेर टाकला जातो. तरीही २०१८ मधे पॅटिसिरान हे औषध याच तंत्राने मंजूर झालं, कारण तेवढा सुटला तरी पुरतो.

खरंबोलू
म्हणजे फोडतात हे मान्य केलंत.

कुर्ल्याचा_बाळू
अरे देवा. भाई, पिशवी फोडतात, तुला नाही फोडत. 😂

संपादक_मंडळ
लसीवर वेगळे धागे आहेत, वाद तिकडे. इथे मेम्ब्रेन.

वैदेही_वसई
थोडं अवांतर वाटेल पण नाहीये. माझ्या नातवाला दर पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन देतात, सूनबाई घेऊन जाते. वैद्य म्हणाले सुवर्णभस्म हे मुळातच नॅनो आहे त्यामुळे थेट पेशीत जातं. आता वर वाचून डोकं गरगरायला लागलंय. जातं का? आणि गेलं तर चांगलं की वाईट?

रंगारी_माटुंगा
वैदेहीताई, नॅनो आहे म्हणून चांगलं हे खोटं आणि नॅनो आहे म्हणून वाईट हेही खोटं. सुवर्णभस्मावर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बरंच काम झालंय, काही नमुन्यांत ३० ते ६० नॅनोमीटरच्या आसपासचे सोन्याचे स्फटिक दिसतात. पण ते सुटे नसतात, एकमेकांना चिकटून मोठाले गठ्ठे झालेले असतात. गठ्ठा मायक्रॉनभर असेल तर स्फटिक कितीका बारीक असेना, पडद्याला गठ्ठाच दिसतो. वर पोटात आम्ल, मग श्लेष्माचा थर. 'थेट पेशीत' हा शब्द काढून टाका, मग पुढचं बोलू.

परळकर_डॉक्टर
सोनं त्यातल्या त्यात गुणी आहे. माझी काळजी सोन्याची नसतेच, त्या बाटलीत सोन्याखेरीज काय आहे याची असते. शिसं आणि पारा यांचा तपासणी अहवाल मागा, कोणीही देवो. मुलाच्या डॉक्टरांनाही एकदा विचारा.

वैदेही_वसई
अहवाल मागते. सूनबाई म्हणेल सासूबाईंनी नवीन खूळ काढलं.

शिफ्ट_बी
सर्व वाचतोय दोन दिवस. मी अंबरनाथ एमआयडीसीत काम करतो, नाव नको. आमच्याकडे फ्युम्ड सिलिकाच्या गोण्या फोडून मिक्सरमधे टाकतात. इतकी हलकी पावडर की गोणी कापली की धूर उठल्यासारखं होतं, आणि भुवयांवर बसते. सुपरवायझर बोलतो ही अमॉर्फस आहे, क्रिस्टलाइन नाही, सिलिकोसिस होत नाही, त्यामुळे मास्क घातला काय न घातला काय. आणि एक पोरगा बोलला की एन९५ पण उपयोगाचा नाही कारण तो ०.३ मायक्रॉनपर्यंतच अडवतो आणि हे तर नॅनो. तुमच्या या सोनं चांदीच्या गोष्टी ठीक आहेत पण छातीत जाणाऱ्या मालाचं कोणी सांगेल का?

रंगारी_माटुंगा
शाबास. धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रश्न हाच आहे आणि तो इतक्या खाली आला.

मास्कचं आधी. तो पोरगा चुकीचं सांगतोय. ०.३ हा आकडा चाचणीचा, त्याहून बारीक अडत नाही असा त्याचा अर्थ नाही. एन९५ च्या धाग्यांवर विद्युतभार असतो, त्याला पकडायला सगळ्यात अवघड कण साधारण ०.०३ ते ०.१ मायक्रॉनचे, आणि तेही बहुतेक अडतात. त्याहून बारीक कण हवेच्या रेणूंच्या धक्क्याने इतके सैरावैरा हलतात की धाग्यावर आपटतातच. त्यामुळे नॅनो कणही एन९५ चांगलेच अडवतो. अट एकच, कडेने फट नको, दाढी नको, आणि तोच मास्क महिनाभर वापरायचा नाही.

आता अमॉर्फस. सुपरवायझर अर्धं खरं बोलतो. स्फटिकी सिलिकाने सिलिकोसिस आणि कॅन्सर दोन्ही होतात, अमॉर्फसचं तसं नाही. पण म्हणून ती पडद्याला काही करत नाही असं नाही. रक्तातल्या लाल पेशी घेऊन त्यात सिलिका टाकायची आणि किती हिमोग्लोबिन बाहेर आलं ते मोजायचं, ही जुनी चाचणी आहे. सूत्र तेच एसआयओटू, पण पाण्यात वाढवलेली कोलॉइडल सिलिका त्या मानाने गरीब आणि ज्वाळेत बनलेली फ्युम्ड सिलिका पेशी जास्त फोडते. कारण पृष्ठभागावरचे सिलॅनॉल, म्हणजे सिलिकॉनला लागलेले ओएच गट, कसे मांडलेले आहेत ते. ज्वाळेतून झटकन थंड झालेल्या पावडरीत बंध ताणलेले राहतात, तिथे पडद्याचे लिपिड चांगले पकडले जातात. छातीत गेल्यावर सूज येते, अमॉर्फसची बहुतेकदा उतरते, पण रोज आठ तास नवीन भर पडत असेल तर उतरायला वेळ कुठे आहे? तोंडाशी लोकल एक्झॉस्ट (धूळ जागेवरच ओढून घेणारा पंखा) मागा. गोणी ओली करून किंवा बंद हॉपरमधे फोडता येते. लेखी मागा.

परळकर_डॉक्टर
@शिफ्ट_बी, फुफ्फुसाची स्पायरोमेट्री दरवर्षी करून घ्या आणि रिपोर्ट स्वतःकडे ठेवा, कंपनीच्या फायलीत नको.

आकाराचं एक राहिलं, ते इथेच सांगतो. कार्बन नॅनोट्यूब. लांब, ताठ ट्यूब असल्या की मॅक्रोफेज, म्हणजे आपली सफाई करणारी पेशी, तिला गिळायला जाते आणि गिळून संपतच नाही. अर्धी आत अर्धी बाहेर. पिशवीचं तोंड मिटत नाही, आतली पाचक रसायनं बाहेर गळत राहतात, सूज कायम. ॲस्बेस्टॉस हेच करतं. २००८ मधे उंदरांच्या पोटाच्या अस्तरावर हे दाखवलं गेलं, लांब ट्यूबनी ॲस्बेस्टॉससारखे परिणाम केले, आखूड आणि गुंतागुंत झालेल्या ट्यूबनी नाही. पुढे २०१४ मधे आयएआरसीने (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) मित्सुई-७ नावाच्या एका प्रकाराला माणसात कॅन्सर घडवण्याची शक्यता असलेल्यांच्या गटात, २बी मधे टाकलं. बाकीच्या ट्यूबबद्दल पुरावा अपुरा म्हणून वर्गीकरण केलं नाही.

शिफ्ट_बी
धन्यवाद काका, डॉक्टर. मास्कचं उद्याच पोरांना सांगतो. एक्झॉस्टचं बघू, युनियनच्या माणसाला हा धागा दाखवतो.

मुलुंडची_माऊ
आता मी सनस्क्रीन लावू की नको तेवढं सांगा. नॅनो झिंक लिहिलंय ट्यूबवर.

गोळीवाला_गोरेगाव
लावा. चामडीचा वरचा थर मेलेल्या पेशींचा असतो, धड कातडीतून झिंक ऑक्साइडचे कण जिवंत पेशींपर्यंत जवळजवळ पोचत नाहीत. स्प्रे मात्र घेऊ नका, श्वासातून जातो.

पडद्यामागे
निशिगंधाताई, सगळ्यात महत्त्वाचं राहूनच गेलं होतं. वर मी सोनं, काका सिलिका म्हणतात, पण शरीरात पेशीला सोनं किंवा सिलिका उघडी भेटतच नाही. कण रक्तात पडला की अर्ध्या मिनिटाच्या आत त्यावर प्रोटीनचा थर बसतो, अल्ब्युमिन, फायब्रिनोजेन, अपोलायपोप्रोटीन, जे काय चिकटेल ते. त्याला प्रोटीन कोरोना म्हणतात, २००७ पासून हे नाव आहे, त्या दुसऱ्या कोरोनाच्या बरंच आधी. पेशीचे रिसेप्टर हा थर वाचतात. २०१२ मधे तोच सिलिकाचा कण सीरमसकट (रक्तातला प्रोटीनवाला द्रव) आणि सीरमशिवाय पेशींना देऊन बघितला. सीरमशिवाय दिला तर मेम्ब्रेनला जास्त चिकटला, जास्त आत गेला आणि पेशींचं नुकसानही जास्त झालं. आणि कणावर ट्रान्सफेरिन (पेशीचे रिसेप्टर ओळखतात असं प्रोटीन) लावून कॅन्सरपेशीकडे पाठवायचं म्हटलं तर वरून बसलेला कोरोना ते झाकून टाकतो, हे पुढच्याच वर्षी दिसलं.

म्हणून कोणी 'अमुक कण पेशी मारतो' म्हटलं की मी पहिलं विचारतो, सीरम होतं का? दुसरं विचारतो, कण दिसावा म्हणून लावलेला चमकणारा रंग त्यावरून सुटला नव्हता ना? कारण रंग सुटून एकटाच मेम्ब्रेन पार करतो, पेशी हिरवीगार दिसते आणि पेपरमधे छापतात कण आत गेले. त्या रीलमधलं ॲनिमेशन तर सोडूनच द्या.

रंगारी_माटुंगा
हे मान्य. पण फुफ्फुसात, शिफ्ट_बी यांच्या बाबतीत, आधी भेटतो तो सर्फॅक्टंटचा लिपिड थर, रक्त नाही. तिथला कोरोना वेगळा. सीरम घालून केलेला प्रयोग छातीला तसाच्या तसा लावू नका.

पडद्यामागे
हो काका, बरोबर. त्यावर माझ्या लॅबमधे एक जण काम करतोय आणि डोकं धरून बसलाय.

निशिगंधा_दादर
मंडळी, केवढं लिहिलंत! आता शेवटचा हट्ट. फळ्यावर सांगेन, पण मुलांना डोळ्यांनी काही दाखवता येईल का? आमच्याकडे साधे कंपाउंड मायक्रोस्कोप आहेत, इलेक्ट्रॉनची गोष्टच नको.

पडद्यामागे
नॅनो कण दिसणार नाहीत, पण दोन्ही वाटा दाखवता येतील.

भोक: बीटाचे सारखे तुकडे कापा, पाण्याने खळखळून धुवा, मग एक साध्या पाण्यात, एक मीठ घातलेल्या पाण्यात, एक काकांच्या सॅव्हलॉनच्या पातळ द्रावणात. लाल रंग पेशीच्या व्हॅक्युओलमधे असतो, मेम्ब्रेन फाटल्याशिवाय बाहेर येत नाही. कुठलं पाणी किती लाल होतं ते मुलंच सांगतील.

पिशवी: पॅरामिशियमला काँगो रेडने रंगवून उकळलेलं यीस्ट खायला घाला. यीस्ट कितीतरी मोठं, मायक्रॉनमधलं, पण पिशवी त्याच तऱ्हेने बनते, लाल ठिपके आत दिसतात. थोड्या वेळाने काही ठिपके निळसर जांभळे होतात, कारण आत आम्ल वाढलं, काँगो रेड पीएच ५ च्या वर लाल आणि ३ च्या खाली निळा. लसीतला लिपिड ज्या आम्लाची वाट बघतो तेच, इथे फक्त जास्त तीव्र.

कुर्ल्याचा_बाळू
मॅडम या दिवशी मला गेस्ट लेक्चरला बोलवा, मी नुसता बघत बसेन.

रंगारी_माटुंगा
काँगो रेड बेंझिडीनपासूनचा रंग आहे. पावडर मुलांच्या हातात द्यायची नाही, द्रावण मॅडमनी स्वतः हातमोजे घालून बनवायचं, आणि उरलेलं सिंकमधे ओतायचं नाही.

निशिगंधा_दादर
नक्की. पॅरामिशियमसाठी सुक्या गवताचं पाणी आजच भिजत घालते. काँगो रेड दहा-वीस ग्रॅम सुटं कुठे मिळेल?

गोळीवाला_गोरेगाव
प्रिन्सेस स्ट्रीट. कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून न्या आणि जायच्या आधी दोन-तीन दुकानांत फोन करा, लहान पॅक प्रत्येकाकडे नसतो.